घामातून मेंदूतलं डोपामिन मोजता येत नाही

माझ्या मामांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामिन म्हणजे मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ते रसायन, ते कमी पडलं की हालचाली अडखळतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "ही पट्टी मागवू का?" फॉरवर्डमध्ये होतं ते असं: शास्त्रज्ञांनी मेंदूत बारीक तार घालून डोपामिन मोजलं, त्यावरून माणसाच्या मनातले विचार ओळखले, आता तेच मोजमाप मनगटावरच्या पट्टीने घामातून होतं, आणि डोपामिन किती कमी आहे ते कळलं की मेंदूत चिप बसवून आजार मुळापासून बरा होतो.

"मेंदूतलं डोपामिन मोजलं." हे खरं आहे, पण ते किती अवघड आहे हे त्या एका ओळीत हरवलंय. तार म्हणजे सुमारे 7 मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा तंतू, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याला ठरावीक व्होल्टेज दिलं की त्याला चिकटलेला डोपामिनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो इवलासा प्रवाह मोजायचा असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले राल्फ ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड (वीजप्रवाह मोजणारं टोक) घालून असं मोजमाप प्रसिद्ध केलं. सिग्नल छान मिळाला. पुढे कळलं की तो मुख्यतः डोपामिनचा नव्हताच, क जीवनसत्त्वाचा होता! मेंदूतल्या पेशींभोवतीच्या द्रवात क जीवनसत्त्व डोपामिनच्या हजारो पट असतं आणि तेही जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. या दोघांना वेगळं ओळखण्यात संशोधकांची कितीतरी वर्षं गेली. उत्तर कॅरोलिनात मार्क वाइटमन यांच्या प्रयोगशाळेने कार्बन तंतूवर व्होल्टेज सेकंदाला दहा वेळा झरझर वर-खाली नेण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा डोपामिनची चढउतार स्पष्ट दिसू लागली. मात्र या पद्धतीत आधीचा प्रवाह वजा करावा लागतो, त्यामुळे काही सेकंदांतला बदल तेवढा कळतो. "तुमचं डोपामिन इतके टक्के कमी आहे" असं ती तार सांगूच शकत नाही.

"विचार ओळखले." नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना, त्यांच्या संमतीने, असे इलेक्ट्रोड थोडा वेळ आत ठेवले गेले. रुग्ण जागे होते आणि संगणकावर पैसे गुंतवण्याचा खेळ खेळत होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात 17 रुग्ण होते. अपेक्षा काय होती, हाती काय आलं आणि वेगळी निवड केली असती तर काय आलं असतं, यांतल्या फरकाशी डोपामिनची चढउतार जोडलेली दिसली. निष्कर्ष सुंदर आहे, पण त्यात कोणाच्या मनातलं एक वाक्यही वाचलेलं नाही.

"घामातून तेच मोजता येतं." सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण लोक यावर पैसे घालवतील. डोपामिन मेंदूबाहेरही तयार होतं, मूत्रपिंडात, आतड्यात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. म्हणूनच मामांना डोपामिनची नाही, लेव्होडोपाची गोळी मिळते. लेव्होडोपा तो अडसर ओलांडते आणि आत जाऊन तिचं डोपामिन होतं. मग घामातला आकडा मेंदूबद्दल काय सांगणार? घरी यंत्राने रक्तातली साखर मोजता येते, मग डोपामिन का नाही, असं कोणी म्हणेल, पण तो दाखला इथे लागू पडत नाही. रक्तातली साखर मेंदूतल्या मोकळ्या डोपामिनच्या लाखभर पट असते, आणि ती नेमकी ओळखणारं एन्झाइम साखरेच्या चाचणीपट्टीवर बसवलेलं असतं.

"चिप बसवली की आजार बरा." मेंदूतल्या खोल भागाला विजेचे स्पंद देणारी शस्त्रक्रिया खरी आहे, 1987 पासून फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे मेंदूशल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद यांनी ती पुढे नेली. निवडक रुग्णांमध्ये कंप आणि ताठरपणा खूप कमी होतो. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जाणं मात्र तिने थांबत नाही. अलीकडची काही यंत्रं मेंदूतल्या विद्युत लहरी टिपून स्पंद कमी-जास्त करतात. तीही डोपामिन मोजत नाहीत.

मामांना मी कळवलंय की पट्टी मागवू नका. त्याऐवजी गोळी किती वाजता घेतली आणि हात पुन्हा कधी जड वाटू लागला, हे रोज वहीत लिहा. पुढच्या भेटीत ती वही न्यूरोलॉजिस्टना दाखवायची आहे, मी सोबत येतोय.