‘दहा मिनिटांच्या कामाला नऊ दिवस’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय वाचला. नऊ दिवसांत आम्ही स्वतःहून आपल्याला एकदाही फोन केला नाही, आणि दुरुस्तीला दिलेला स्टँड मिक्सर (पीठ मळण्याचे यंत्र) परत नेताना काउंटरवरच्या आमच्या माणसाने इतरांदेखत ‘तुमची वापरण्याची पद्धतच चुकते’ असे म्हटले, या दोन्ही गोष्टींबद्दल दुकानाचा मालक या नात्याने मी आपली क्षमा मागतो. परंतु ‘दहा मिनिटांत कार्बन बदलून मिळाले असते, त्यासाठी नऊ दिवस अडकवून ठेवले’ हे आपले वाक्य मला फार लागले. (कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर घासत त्याला वीज पोचवणारे, हळूहळू झिजणारे तुकडे.) ते वाचून नवे ग्राहक आमच्या दारातून परत फिरतील अशी काळजी वाटते, म्हणून त्या नऊ दिवसांचा हिशेब देतो.

आपण मिक्सर दिलात तेव्हा आमच्या वहीत ‘मध्येच बंद पडतो’ एवढीच तक्रार लिहिली गेली. मुळीच सुरू न होणाऱ्या यंत्राचा दोष बहुधा लवकर सापडतो. वायर तुटलेली असते, स्विच गेलेला असतो, काही यंत्रांत वरचे डोके नीट लॉक झालेले नसते. मोटर फिरते पण पीठ मळण्याचा आकडा फिरत नाही, तेव्हा आतल्या गिअरचे दात आधी पाहायचे असतात. स्पीड बदलूनही यंत्र एकाच वेगाने पळत राहिले, तर स्पीड कंट्रोल तपासायचा असतो. आपल्या मिक्सरमध्ये यातले काहीच दिसत नव्हते. रिकामा चालवला, तेव्हा तो वीस मिनिटे सुरळीत चालला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच चालला. पाचव्या दिवशी आपला फोन आला, तेव्हा आम्हाला प्रथमच समजले की तो फक्त घट्ट पीठ मळताना, दहा-बारा मिनिटांनी थांबतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. हे आम्ही पहिल्याच दिवशी खोदून विचारायला हवे होते, हे मान्य आहे. पण तेच आपण देतानाच सांगितले असते तर चार दिवस वाचले असते, आणि या गोष्टीचा आपल्या अभिप्रायात उल्लेखही नाही.

थांबून थंड झाल्यावर पुन्हा चालू होणे, याचा अर्थ मोटर तापते आहे आणि तिच्या रक्षणासाठी बसवलेला थर्मल कट-ऑफ वीज तोडतो आहे. मोटर का तापते हे शोधायचे, तर भार देऊन चालवावे लागते आणि पुढच्या चाचणीपूर्वी ती पूर्ण थंड होऊ द्यावी लागते, नाहीतर आधीची उष्णता कोणती आणि नंतरची कोणती हे कळतच नाही. त्यामुळे दिवसाला अशा एक-दोनच चाचण्या नीट होतात. आम्ही यंत्र उघडले तेव्हा एका बाजूचा कार्बन झिजून अगदी आखूड झालेला आणि होल्डरमध्ये अडकलेला आढळला, त्यामुळे ठिणग्या उडून कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता भाग, काळा पडला होता. गिअरमधल्या जुन्या ग्रीसचे तेल सुटून गेले होते आणि उरलेला घट्ट थर दातांपासून बाजूला सरकला होता. योग्य मापाचे कार्बन सातव्या दिवशी हाती आले. ते बसवल्यावर त्यांचे टोक कम्युटेटरच्या गोलाईला जुळेपर्यंत यंत्र रिकामे चालवावे लागते. तसे केल्याविना भार दिला तर नवे कार्बनही ठिणग्या टाकतात. आठव्या आणि नवव्या दिवशी आम्ही पीठ घालून एकेकदा चालवून पाहिले, दोन्ही वेळा तो थांबला नाही, आणि त्यानंतरच आपल्याला बोलावले.

गिअरबॉक्स पुसून नवे ग्रीस भरण्याचे काम आम्ही पावतीवर लिहिले नाही, कारण त्याचे वेगळे पैसे लावले नव्हते. ‘फक्त कार्बन बदलले’ असा आपला समज त्यामुळेच झाला असावा. ती नोंद करायला हवी होती.

वापराबद्दल आमच्या माणसाची बोलण्याची रीत चुकली, पण सांगण्यात तथ्य होते. घट्ट पीठ जास्त स्पीडवर मळले तर मोटर आणि गिअर दोन्हींवर ताण येतो. म्हणूनच बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत मळण्यासाठी कमी स्पीड, थोडा वेळ चालवणे आणि मध्ये विश्रांती असे सांगितलेले असते. आपण सातव्या स्पीडवर मळत असल्याचे आपणच आम्हाला सांगितले होते. घरी नेल्यावर तो पुन्हा एकदा थांबला असे आपण लिहिले आहे. तेव्हा स्पीड कोणता होता आणि यंत्र बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर जोडलेले होते का, एवढे कृपया कळवावे.

यापुढे ग्राहकांना वेळोवेळी कळवण्याकडे अधिक लक्ष देऊ. आपण मिक्सर पुन्हा आणावा. आम्ही तो आपल्यासमोर, आपल्या नेहमीच्या प्रमाणातले पीठ घालून चालवू आणि दोष आमच्या कामात आढळला तर पैसे न घेता दुरुस्त करून देऊ. येताना भांडे आणि पीठ मळण्याचा आकडाही सोबत आणावा, कारण त्यांच्याविना भार देऊन तपासता येणार नाही.