काऊला घरात घेतलं म्हणून प्रश्न सुटत नाही

ताई, नमस्कार.

एवढं सविस्तर लिहिलंत, तर मीही जरा ऐसपैस उत्तर देतो. मागच्या लेखात मी चिऊ-काऊच्या नव्या चित्रपुस्तकांवर टीका केली होती. त्यांत चिऊ चटकन दार उघडते, काऊला पोटाशी धरते आणि शेवटच्या पानावर चौकटीत छापलेलं असतं, 'तात्पर्य : संकटात एकमेकांना मदत करावी.' त्यावर तुमचं म्हणणं असं की, जुन्या गोष्टीत काऊ तापलेल्या तव्यावर बसून भाजतो, ते ऐकून तुमची चार वर्षांची लेक रडली. काळा तो घाणेरडा आणि वाईट, हे तिच्या डोक्यात बसायला नको. आणि 'आमच्या वेळच्या गोष्टी' म्हणून गळे काढणाऱ्यांना मुलांचं काही पडलेलं नसतं.

शेवटचं वाक्य झोंबलं. असो.

रंगाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तिथे आपण एकाच बाजूला आहोत. फक्त दोष गोष्टीचा की चित्राचा, ते बघायला हवं. गोष्टीतले शब्द काय आहेत? काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. बस. ही गोष्ट ज्या घरांत सांगितली जायची, तिथली जमीन शेणानेच सारवलेली असायची, अंगणात सडाही शेणाचाच. शेण पावसात टिकत नाही, एवढंच गोष्ट सांगते. ते घाण आहे असं ती म्हणत नाही. आता माझ्यासमोर आहे त्या पुस्तकात बघा. काऊच्या घराभोवती माश्या, वर हिरवट वाफा. काऊच्या भुवया तिरप्या. चिऊला गुलाबी गाल, लांब पापण्या, कपाळावर टिकली. खरी चिमणी मातकट असते आणि आपल्या खिडकीत येणाऱ्या कावळ्याची मान चांगली राखाडी असते, पण इथे तो डांबरासारखा रंगवलाय. आणि हे शेवट बदललेलं पुस्तक आहे बरं का! शेवटच्या पानावर मिठी मारली म्हणून काय झालं? त्याआधीची सगळी पानं मूल हेच बघत आलेलं असतं.

चौकटीतलं तात्पर्य मुलं घेत नाहीत. ती पुन्हा पुन्हा येणारं घेतात. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.' मग अंग पुसते, मग काजळ घालते, मग तीट लावते. त्यांच्या लेखी गोष्ट ती हीच. आमच्या वाचनालयात मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा सगळ्यांना चिऊ व्हायचं असतं. दिवसभर मोठी माणसं यांना 'थांब' म्हणतात. इथे दुसऱ्याला थांबवायची संधी मिळते, ती कोण सोडणार? पण चौथ्या-पाचव्या 'थांब'ला कुणीतरी कळवळून ओरडतंच, 'अगं उघड की आता, भिजला तो!' ही दया त्यांची स्वतःची. दुसऱ्याच हाकेला दार उघडलं की ती यायला वेळच मिळत नाही. एकदा एका मुलीने विचारलं, 'ऊन पडल्यावर चिऊचं घर वितळेल, मग ती कुठे जाईल?' मी काही बोलायच्या आत शेजारचा म्हणाला, 'काऊकडे. आणि काऊ म्हणेल, थांब.' आता याचं तात्पर्य काढा!

हे दुखणं जुनंच आहे. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ साली 'एमिल' या शिक्षणावरच्या पुस्तकात कोल्हा आणि कावळ्याच्या गोष्टीवर नेमकी हीच तक्रार केली होती: स्तुतीला भुलू नये हे शिकवायला जावं, तर मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्याच्या प्रेमात पडतात. त्याने यावरून मुलांना अशा नीतिकथा देऊच नयेत असं ठरवलं, ते मला टोकाचं वाटतं. पण निरीक्षण बिनतोड आहे.

आणि मऊ करण्याची किंमतही कुणाला तरी मोजावी लागते. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. आई अशी कशी दाखवायची, म्हणून १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. आईची अब्रू राखली गेली आणि सावत्र आयांच्या माथी एक डाग जास्तीचा लागला. तेव्हा 'शेवट गोड केला, कुणाचं काय बिघडलं?' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, बघावं लागतं.

आता तव्याचं. लेक रडत असेल तर तवा खुशाल गाळा. लोककथेला ठरलेला असा एकच शेवट नसतो. कुणाच्या घरी काऊ भाजतो, कुणाच्या घरी चुलीपाशी नुसता शेकतो, कुणाच्या घरी कोपऱ्यात बसून चणे कुटूकुटू खातो. समोरचं पोर बघून आज्या सांगायच्या. फक्त 'थांब' कापू नका, एकही. तात्पर्याच्या चौकटीवर अंगठा ठेवून वाचा. आणि पुढच्या वेळी पुस्तक घेताना दुकानात उभ्या उभ्या आधी काऊच्या भुवया बघा. तिरप्या असल्या तर शेवट कितीही गोड असो, मी तरी ते पुस्तक परत फळीवर ठेवतो.