बेसमेंटमधला आषाढ

रत्नागिरीच्या माणसाने दमट हवेसाठी पैसे मोजावेत, यासारखी नामुष्की नाही. आईचं निम्मं आयुष्य पापडांना ऊन दाखवण्यात आणि शालूंवरची बुरशी पुसण्यात गेलं. आणि मी मिशिगनमध्ये, बाहेर उणे १५ असताना, बेसमेंटमध्ये एका सापासाठी आषाढ लावून देतो आहे.

साप लेकीचा. जात अ‍ॅमेझॉन ट्री बोआ, रंग पिवळाधमक, म्हणून नाव हळदी. ‘बाबा, बिनविषारी आहे,’ हे लेकीने इतक्यांदा सांगितलं की संशय यायला लागला. विष नाही हे खरंच. पण साप पाळणाऱ्यांत ही जात चावरी म्हणून नावाजलेली, आणि पुढचे दात चांगले लांब. शिवाय ओठांवरच्या खवल्यांत खळगे असतात, त्यांनी तिला अंधारातही गरम वस्तूचा पत्ता लागतो. पेटीत शिरणारी गरम वस्तू म्हणजे पाणी बदलणारा माझा हात.

झाडावरच्या सापाला ऐसपैस जमीन नको, उंची हवी. म्हणून तीन फूट उंच काचपेटी आली. आत आडव्या फांद्या, साधारण सापाच्या अंगाइतक्या जाड. त्या पक्क्या ठोकायच्या नाहीत, आकड्यांवर नुसत्या टेकवायच्या. कारण हळदीला हलवायचं तर तिची वेटोळी सोडवत बसायचं नसतं, तिच्यासकट फांदीच उचलायची. हार्डवेअरच्या दुकानात मी दांडकी मुठीत धरून जाडी अजमावत होतो, तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, ‘वजन किती पेलायचंय?’

‘अर्धा किलो,’ म्हटलं, ‘पण रागीट आहे.’

खाली अंथरायला नारळाच्या सोडणाचा भुसा. आमच्याकडे सोडणं न्हाणीघराच्या चुलीत जळायची. इथे त्याच भुशाची दाबलेली वीट डॉलर देऊन आणली आणि बादलीत फुगत ठेवली. तो वास सुटला आणि कुणीतरी अंघोळीला हाक मारल्यासारखं वाटलं.

ऊब देणं त्यामानाने सोपं. पेटीच्या छताला हीट पॅनेल, त्याला थर्मोस्टॅट. दिवसा २७-२८ अंश, पॅनेलखाली ३०, रात्री २४. छळते ती आर्द्रता. हवी ६० ते ८० टक्के. पण हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की आमच्या घरात २० टक्केसुद्धा टिकत नाही. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. पेटीच्या वरच्या जाळीतून वाफ पळते, म्हणून निम्मी जाळी अ‍ॅक्रिलिकने झाकली. फवारा मारला की हायग्रोमीटर ९० दाखवतो, आणि चहा गाळून येईतो ४५.

‘अहो, माझ्या टाचांना भेगा पडल्यात,’ बायको म्हणाली, ‘जाता जाता इकडेही मारा एक फवारा.’

सगळी जाळी बंद करण्याचीही सोय नाही. कोंडल्या ओलाव्यात बुरशी धरते आणि सापाला फुप्फुसांचा संसर्ग होतो. भिजवायचं, वरवर सुकू द्यायचं, पुन्हा भिजवायचं. व्हिडिओ कॉलवर आईने हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मग वारा खेळू दे की रे! पावसात आपण माळ्याची खिडकी काय हौस म्हणून उघडी ठेवायचो?’ लेकीने मला जे काही वाचायला लावलं होतं, त्याचं सार तिने साप न बघता सांगून टाकलं. मग विचारलं, ‘दूध पितो का?’

‘नाही गं. वेटोळ्यांवर साचलेलं पाणी पिते.’

‘मग गुणाची आहे.’

गुणाची हळदी दिवसा दिसत मात्र नाही. तिला लपायला मनीप्लांट लावला होता, तो त्या हवेत असा माजला की आता पेटीत साप आहे हे शपथेवर सांगावं लागतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू बेसमेंटमध्ये झालं. वेळ दिवेलागणीची, म्हणजे हळदीच्या उठण्याची. चहाचा ट्रे घेऊन खाली उतरलो तर बायका पेटीला गराडा घालून उभ्या. ‘अय्या, काय तरारलाय! आमचा तर थंडीत पार वाळतो.’ साप कुणालाच दिसलेला नव्हता. मलाही नाही, आणि तेच वाईट होतं.

‘मला एक फांदी मिळेल का हो?’ एका काकूंनी विचारलं.

जिन्यातून लेक दोन्ही हातांनी नको-नको करत होती. बायकोने तिळगुळाचा डबा पुढे केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्यात काय! अहो, द्या ना काढून.’