'लेडी'च्या हाताला पीठ लागलेलं आहे

'लेडी' या शब्दात कणीक आहे. अक्षरशः.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' म्हणत. आजचा 'लोफ' तोच. पाव राखणारा तो 'ह्लाफवेआर्ड'. बोलून बोलून हा शब्द झिजला, 'ह्लाफोर्ड' झाला, मग 'लव्हर्ड' आणि शेवटी 'लॉर्ड'. पावाचं पीठ मळणारी ती 'ह्लॅफदिये'. तिची झाली 'लेडी'. त्या घरच्या चाकरालाही पावावरूनच नाव होतं, 'ह्लाफॅटा', म्हणजे पाव खाणारा. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या, साधारण इ.स. 600च्या कायद्यात हा शब्द सापडतो: कुणा शेतकऱ्याचा 'पाव खाणारा' ठार मारला, तर भरपाई 6 शिलिंग. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, तिथे खाल्ल्या पावावरून माणसाचं नातं ठरत होतं.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते शेवटचं 'दिये'. मळणं, लिंपणं, आकार देणं अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूतून ते आलं. मळलेल्या पिठाला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तोही तिथलाच. आणि संस्कृतातला 'दिह्' हा धातूही त्याच कुळातला. 'दिह्'पासून आपला 'देह'! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परातीतल्या गोळ्याकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

म्हणून मला वाईट वाटतं. लॉर्ड आपल्याकडे आला तो 'लाटसाहेब' होऊन. कोर्टात आजही 'मायलॉर्ड' ऐकू येतं. पण त्यातला पाव कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. आणि लेडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते हाताला पीठ न लागलेली बाई. पाव राखणाऱ्याकडे सत्ता गेली, मळणारीचं कामच तिच्या नावातून पुसलं गेलं. मला हा अन्यायच वाटतो. माझी आजी पहाटे उठून बारा माणसांच्या भाकऱ्या थापायची. तिला कुणी 'लेडी' म्हटलं असतं तर ती लाजून आत पळाली असती, पण त्या शब्दावर तिचा हक्क पहिला होता.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती. पुढच्या वेळी फळ्यावर 'लेडी' लिहाल, तेव्हा शेजारी 'देह'ही लिहा. दोन मिनिटं लागतील. मुलांना सांगा, हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत.