कर्झनचं नाव का घेतलं? टॅटरशॉलच्या लेखावरच्या कॉमेंटला उत्तर

नमस्कार. इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या टॅटरशॉल कॅसल या किल्ल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की इंग्रजांना वारसा जपायची उपजतच जाण असते असं मी वाचकांच्या गळी उतरवतोय, आणि बंगाल फोडणाऱ्या व्हाइसरॉय कर्झनचं कौतुक मराठीत कशाला. राग समजतो, पण दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत.

उपजत जाण कुठली हो! आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये देशभरातले मठ बंद पाडले, छपरांवरचं शिसं काढून वितळवलं, दगड लोकांनी नेले, फाउंटन्स ॲबी या मठाचे दगड तर शेजारच्याच हवेलीच्या भिंतीत बसलेत. याच हेन्रीने हौसेने बांधलेला नॉनसच राजवाडा पुढे दुसऱ्या चार्ल्सने आपल्या प्रेयसीला देऊन टाकला आणि तिने १६८० च्या दशकात तो पाडून सामान विकलं. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्यानंतर राजमुकुटसुद्धा वितळवले गेले. १२ व्या शतकातला राज्याभिषेकाचा चमचा वाचला तो एकाने विकत घेऊन ठेवला म्हणून. राजांच्या वस्तूंची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलायचं.

इंग्लंडात जुन्या वास्तू जपण्याचा कायदा आला थेट १८८२ मध्ये, तोही अगदी मवाळ, मालकाने स्वतःहून वास्तू सरकारच्या देखरेखीखाली दिली तर ठीक, नाही दिली तर सरकार काहीच करू शकत नव्हतं. जमीनदारच पार्लमेंटमध्ये बसलेले, ते स्वतःचे हात कसे बांधून घेणार? हिंदुस्थानात मात्र कर्झनने १९०४ मध्ये जो कायदा केला त्यात वास्तू सक्तीने ताब्यात घ्यायची सोय होती, कारण इथे आपल्याला विचारायचंच नव्हतं. म्हणजे परक्या राजवटीतली जबरदस्ती आणि जतन दोन्ही एकाच कागदावर आहेत, आणि मला ते वेगळं करून सांगायचं नाहीये.

आता टॅटरशॉल. सहाव्या हेन्रीचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल याने १५ व्या शतकात बांधलेला विटांचा तो उंच बुरुज, आत दगडात कोरलेल्या भल्यामोठ्या फायरप्लेस, त्यांवर खजिनदाराची खूण म्हणून पैशाची थैली. १९११ च्या सुमाराला त्या उखडून अमेरिकेला पाठवायच्या म्हणून विकल्या गेल्या आणि हे सगळं पूर्णपणे कायदेशीर होतं! कर्झनने स्वतःच्या पैशाने किल्ला विकत घेतला, फायरप्लेस शोधून परत आणल्या, १९१२ मध्ये त्या जागेवर बसल्या. या प्रकरणाने बरीच खळबळ झाली आणि १९१३ च्या कायद्यात मालकाची इच्छा नसली तरी पाडापाडी थांबवायचा अधिकार सरकारला मिळाला. त्यातही लोक राहतात ती घरं आणि वापरातली चर्च वगळलीच होती. १९१५ मध्ये तर स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचा लिलाव झाला, ६,६०० पौंडांना, आणि ते वाचलं कारण घेणाऱ्या सेसिल चब यांनी १९१८ मध्ये ते देशाला देऊन टाकलं.

१९०५ ची फाळणी कर्झनच्या नावावर राहणारच, मी ती कुठेही झाकलेली नाही. पण १९२५ मध्ये मरताना टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन्ही किल्ले तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला हेही झालंय, आणि त्याचं नाव गाळून टॅटरशॉलची गोष्ट सांगताच येत नाही, म्हणून लेखातला तो भाग मी तसाच ठेवतोय.