टच डिस्प्लेच्या 'पेटंट'बाबत खुलासा

सांगलीतील एका विद्यार्थ्याला टच डिस्प्ले पॅनेलचे पेटंट मिळाले असून आता मोबाइल कंपन्यांना त्याला स्वामित्वधन द्यावे लागेल, असा मजकूर विश्रामबाग ते मिरज सगळ्या गटांतून फिरत आहे. परवा मीही तो पुढे पाठवला होता; ती चूक माझी.

त्यासोबतचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा वरच्या ओळीत 'पेटंट ॲप्लिकेशन पब्लिकेशन' असे छापलेले दिसले. हे पान पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमधील आहे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, वेगळे शुल्क भरल्यास त्याआधीही. त्यासाठी कोणी गुणवत्ता तपासलेली नसते. परीक्षणाची विनंती स्वतंत्रपणे करावी लागते, त्यानंतर परीक्षक जुने दस्तऐवज धुंडाळून नावीन्य आणि कल्पकता पाहतो व आक्षेपांचा अहवाल पाठवतो, ज्याला ६ महिन्यांत उत्तर द्यायचे असते. टच पॅनेलमध्ये तर ही चाळणी फारच बारीक, कारण काचेवरील पारदर्शक इंडियम टिन ऑक्साइडचे इलेक्ट्रोड (वीज वाहणारे थर) आणि बोटाने बदलणारी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हे तत्त्व जुनेच आहे. नवेपणा बहुधा इलेक्ट्रोडच्या रचनेत किंवा संकेत वाचण्याच्या पद्धतीत दाखवावा लागतो.

मुलाचे कौतुक जरूर करावे, अर्ज करणे हेही सोपे नाही. मात्र 'पेटंट मिळाले' हा मजकूर कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास तिथेच 'अर्ज प्रसिद्ध झाला आहे' अशी दुरुस्ती टाकावी.