आपण जिंकलो, तुमचे हरले

परवाच्या सोमवारी, २० ऑक्टोबर २०२५ला, आमच्या घरी लक्ष्मीपूजन होतं आणि टोरोंटोत मरिनर्सचा, म्हणजे आमच्या सिॲटलच्या बेसबॉल टीमचा, टोरोंटोशी चाललेल्या मालिकेतला सातवा आणि शेवटचा सामना. (भारतात पूजन मंगळवारी, इथे सोमवारी. अमावास्येचा हिशेब सासूबाईंनी केला होता, माझी त्यात काही लबाडी नाही.) फराळाला चार कुटुंबं आली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी तेवढ्या वेळात मला जे शिकवलं, ते सिॲटलमधल्या सतरा वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपला उन्हाळाभर मरिनर्स आणि शनिवार आला की हस्कीज (वॉशिंग्टन विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम), असं रक्त आटवत बसलो. चाहता होणं इतकं स्वस्त आणि सुटसुटीत असतं, हे माहीतच नव्हतं. ही विद्या एकट्याने बाळगणं बरं नाही, म्हणून सांगतो.

सुरुवात सर्वनामांपासून. मराठीत देवाच्या दयेने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतल्या बिचाऱ्या चाहत्याला एकाच शब्दावर भागवावं लागतं. २४ सप्टेंबरला आमच्या कॅल रॅलीने मोसमातला साठावा होमरन (बेसबॉलचा षटकार) मारला आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला, तेव्हा म्हणायचं, ‘आपण जिंकलो.’ यात सगळे आले, पाहणारे, न पाहणारे, झोपलेले. १७ ऑक्टोबरला, नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये, आमच्या सुआरेझने ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) ठोकला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, एका विजयावर आली, की लगेच ‘आम्ही’वर यायचं. पोर्टलंडच्या साडूला फोन लावून ‘आम्ही काय खेळलो रे’ असं म्हणायचं. यात साडू नाही, इतर कुणी नाही, फक्त तुम्ही आणि सुआरेझ. आणि २० ऑक्टोबरला टोरोंटोच्या स्प्रिंगरचा चेंडू कुंपणापलीकडे गेला, की त्याच क्षणी ‘तुमचे’. ‘तुमच्या टीमचं काही खरं नाही बुवा.’ जणू आमच्या पिचरच्या, बझार्डोच्या, हातात तो चेंडू मीच आमच्या देवघरातून नेऊन दिला होता.

जर्सी ऑक्टोबरमध्येच घ्या. एप्रिलमध्ये घेतली तर थंडीमुळे वरून जॅकेट चढवावं लागतं आणि पैसे फुकट जातात. नवी आहे हे कळावं म्हणून घड्या मोडू नका. कॅलचा नंबर २९ घ्या. दुकानात पहिला तोच टांगलेला असतो.

इतिहास विचारला तर ‘इचिरो’ (मरिनर्सचा जुना जपानी हिरो) म्हणा आणि डोळे मिटा. याच वर्षी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, ३९४ पैकी ३९३ मतं घेऊन. ते एक मत न देणारा नक्की तुमच्यातला असणार.

शहरात कुठल्या साली यायचं, हेही आधी ठरवून घ्या. माझी इथेच चूक झाली. मी सांगलीहून वॉशिंग्टन विद्यापीठात एमएस करायला आलो तो २००८च्या ऑगस्टअखेर. त्या वर्षी मरिनर्स १०१ सामने हरले. दहा कोटी डॉलरच्या वर पगार वाटून शंभरावर सामने हरणारी पहिली टीम म्हणून त्यांची नोंद झाली. बास्केटबॉलची सॉनिक्स टीम त्याच उन्हाळ्यात बिऱ्हाड गुंडाळून ओक्लाहोमाला गेली होती. आणि आमचं विद्यापीठ? ०-१२. बारा सामने, बारा पराभव. मला फुटबॉलचं ओ का ठो कळत नव्हतं. रूममेट म्हणाला चल, म्हणून गेलो. मागे तळं, तळ्यात लोकांच्या बोटी नांगरलेल्या, टचडाउन झाला की भोंगा. वाटलं, जत्राच आहे. ब्रिगहॅम यंगविरुद्ध २ सेकंद उरली असताना आमचा जेक लॉकर चेंडू घेऊन घुसला. २८-२७, आता एक किक मारली की बरोबरी. पण आनंदाच्या भरात पोराने चेंडू वर उडवला. झालं! खिलाडूवृत्ती नाही म्हणून पंधरा यार्डांचा दंड. मग लांबून मारलेली ती किक अडवली गेली आणि सामना संपला. आनंद झाला म्हणून दंड! मी सांगलीचा, मला वाटलं मला नियम कळला नाही. शेजारचे सत्तरीचे आजोबा म्हणाले, तुला कळलंय ते बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात आजोबा त्याच खुर्चीवर होते. त्याच्या पुढच्याही. त्या मोसमाच्या शेवटाकडे ॲपल कपला, म्हणजे दरवर्षीच्या सामन्याला, राज्यातल्याच वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाशी गाठ पडली, तेही आमच्याइतकेच भिकार, आणि तिथे आम्ही दोन ओव्हरटाइम खेळून १६-१३ हरलो. मला सांगा, त्या वर्षी ‘आपण’ कोण म्हणत होतं? मी म्हणत होतो. आजोबा म्हणत होते. तुम्ही तेव्हा कुठे होता?

असो. सूर सुटला. उपदेशाकडे वळू.

टीम चांगली चालली असेल तर तिकिटासाठी फोन करा. ‘कसे आहात, खूप दिवसांत भेट नाही’ अशी सुरुवात करा, आणि तिसऱ्या मिनिटाला ‘जादा तिकीट असेल तर बघा ना’.

टीम वाईट चालली असेल तर फोन करू नका.

हस्कीज हरले तर ‘कॉलेजच्या पोरांचं काय एवढं मनावर घ्यायचं’, जिंकले तर ‘आमचं विद्यापीठ’. तुमचं शिक्षण नागपूरला झालं असलं तरी चालतं. २७ सप्टेंबरला ओहायो स्टेटने इथे येऊन हरवलं, २४-६. घरच्या मैदानावरची लागोपाठ बावीस विजयांची मालिका तुटली. ती मालिका चालू होती हे ती तुटल्यावर कळलं, तरी हळहळता येतं. गेल्या शनिवारी मिशिगनमध्ये २४-७ झालं, त्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. चांगली प्रथा आहे.

मालकांचा कधी राग यायला लागला तर जेरी डिपोटोंचं गणित आठवा. २०२३ला प्लेऑफ (बाद फेरी) एका विजयाने हुकल्यावर मरिनर्सच्या या कारभाऱ्यांनी पत्रकारांना समजावून सांगितलं, की दहा वर्षांचा हिशेब धरून ५४ टक्के सामने जिंकले म्हणजे पुष्कळ. ५४ टक्के! आमच्याकडे दहावीला ५४ टक्के पडले की मामा घरी यायचे आणि आयटीआयचा फॉर्म घेऊन यायचे. पेढे कुणी वाटत नव्हतं.

अंगारे-धुपारे वर्ज्य नाहीत. सप्टेंबरात एका चाहत्याने इंटरनेटवरून सोळा डॉलर देऊन चेटकीण लावली आणि टीम लागोपाठ दहा सामने जिंकली. डिपोटोंच्या ऑफिसापेक्षा दर वाजवी वाटतो.

क्रिकेटशी तुलना अधूनमधून चालू ठेवा. सातव्या सामन्याला आमच्या गृहस्थांनी विचारलं, ‘पाऊस आला तर इथे डकवर्थ-लुईस लागतो का?’ टोरोंटोच्या स्टेडियमला छप्पर आहे.

डावपेचांवर मत द्यावं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. पिचर वूला काढल्यावर मॅनेजर डॅन विल्सनने मुन्योझला आणायला हवं होतं, असं मंगळवारी नऊ वाजता मला मेसेजवर कळवण्यात आलं. वरातीमागून घोडं, पण घोडं टॉप क्लास. (आणायलाच हवं होतं. पण ते म्हणायचा हक्क माझा. ज्याला रविवारपर्यंत मुन्योझ हा मेक्सिकन पदार्थ वाटत होता, त्याचा नाही.)

आणि आता खरी विद्या: उठून जाणं. कधी जावं, कसं जावं, कुठलं कारण सांगावं. खरा चाहता सामना संपेपर्यंत बसत नाही, ते पार्किंगमधल्या गर्दीचं काम. २०२२ला ह्यूस्टनविरुद्ध अठरा इनिंग्ज चालल्या, सहा तासांवर, आणि शेवटी १-०ने हरलो. मी बसलो होतो. हात सुजले होते टाळ्या वाजवून. आणि अहो गृहस्थ, तुम्ही दहाव्या इनिंगला गेलात आणि नंतर वर्षभर सांगत होतात, ‘बरं झालं लवकर निघालो.’ यंदा १० ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध पाचवा सामना. माझ्याच तिकिटावर माझ्या शेजारी बसला होतात. नववी इनिंग संपली, २-२. ‘उद्या लवकर उठायचंय,’ म्हणालात. दुसऱ्या दिवशी शनिवार होता! त्यानंतर काय काय झालं ते ऐका. इनिंगमागून इनिंग गेली, लोकांचे आवाज गेले, मग लोक हातवाऱ्यांनी ओरडायला लागले. मैदानावर दर सामन्याला माणसं माशांचे पोशाख घालून शर्यत लावतात, त्यातला हम्पी नावाचा सामन जन्मात कधी जिंकला नव्हता. त्या रात्री हम्पी जिंकला! माझ्या पुढच्या रांगेतला धिप्पाड माणूस, हातभर दाढी, एका माशासाठी ढसाढसा रडला. आणि पंधराव्या इनिंगला, सामना सुरू होऊन पाच तास व्हायला आले होते, तेव्हा आमच्या पोलांकोने चेंडू उजवीकडे मारला, क्रॉफर्ड धावत होम बेसवर आला, रन झाला, आणि मी एका अनोळखी कोरियन आजीला मिठी मारली. तुमच्या रिकाम्या खुर्चीवर ती येऊन बसली होती ना, म्हणून. तिच्या पिशवीतले शेंगदाणे आम्ही वाटून खाल्ले. रात्री साडेअकराला तुमचा मेसेज आला: ‘आपण जिंकलो!!!’ उद्गारचिन्हं तीन. लवकर उठायचं होतं ना हो?

म्हणून सोमवारी तुम्ही उठलात याचं आश्चर्य वाटलं नाही. सहाव्या इनिंगपर्यंत ३-१ होतं. आमच्या हुलिओचा होमरन, कॅलचा होमरन, तुमची दुसरी वाटी चिवडा. ‘आम्ही वर्ल्ड सिरीजला जाणार’ हे तुम्ही समईसमोर बसून सासूबाईंना समजावत होता. सातव्या इनिंगला टोरोंटोचे दोघे बेसवर, एक आउट, स्प्रिंगर बॅटला. चेंडू गेला. खोलीत चिटपाखरू बोलेना. आणि त्या शांततेत मला एकच आवाज ऐकू आला, तुमच्या जॅकेटची चेन वर जाण्याचा. २९ नंबर, घड्यांसकट, झाकला गेला. ‘तुमच्या टीमचं काही खरं नाही बुवा,’ म्हणालात. मग ‘५२०च्या टोलपुलावर ट्रॅफिक लागेल’ म्हणालात. सोमवारी रात्री, साडेसातला. चकल्यांचा डबा मात्र आठवणीने घेतलात.

आता गंमत पुरे. सरळच विचारतो. थोडी तरी लाज वाटते का हो? ४-३ होतं. एका रनने मागे होतो, चाळीसने नाही. माझी लेक नऊ वर्षांची, अंगात हुलिओचा ४४ नंबरचा शर्ट, तिने तुम्हाला बूट घालताना पाहिलं आणि मला विचारलं, ‘काका का गेले? अजून सिक्स आउट्स आहेत ना?’ काय सांगू तिला? काकांना टोल पडतो म्हणून? ते सहाही आउट तिने उभं राहून पाहिले. शेवटचा आउट हुलिओचाच होता. ती रडली, मग डोळे पुसून रांगोळीतली विझलेली पणती पुन्हा लावून आली. तुमच्यापेक्षा तिला खेळ जास्त कळतो.

आणि वर तुम्हीच हस्कीजच्या जुन्या कोचला, डिबोअरला, गद्दार म्हणता. १४-० गेलेली टीम मिशिगनकडून ३४-१३ हरली आणि चार दिवसांत कोच अलाबामाला पळाला, म्हणून तुम्ही माझ्या घरात तासभर नाकाने कांदे सोलले होते. अहो, डिबोअर चार दिवस थांबला! तुम्ही चार मिनिटं नाही थांबलात. आणि त्याला निदान पगार वाढवून मिळाला. तुम्हाला काय मिळालं, चकल्या?

हरणाऱ्या टीमवर प्रेम करायला कुणी सक्ती केलेली नाही. बघू नका. खरंच नका बघू, घरी नाटक बघा, झोपा. पण मग त्या ‘आपण’मध्ये शिरू नका. ती जागा १९७७पासून बसलेल्या लोकांची आहे, एकदाही वर्ल्ड सिरीज न पाहिलेल्या लोकांची. असं दुसरं गाव या अख्ख्या लीगमध्ये नाही. ‘आम्ही म्हटलंच होतं’ असं त्यांना ऐकवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

येत्या शनिवारी हस्कीज घरी इलिनॉयशी खेळताहेत. लेकीची सकाळी पोहण्याची स्पर्धा आहे, त्यामुळे एक तिकीट शिल्लक आहे, हे तुम्हाला कळलेलं दिसतंय. काल रात्री मेसेज आला, ‘कसे आहात, खूप दिवसांत भेट नाही.’ तीन दिवस झाले भेटून.

त्या खुर्चीवर मी माझा रेनकोट ठेवणार आहे.